बाबाचं पोट

अड्याळ
११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मग मीच खोटी. ठीक आहे. मी खोटी न तू खरी, पण रत्नाताई, मले एक सांग. बाबाच्या पोटाचं तुले नागपूरले बसून माहीत होते, न मले, भिंतीच्या अल्याड झोपणारीले, माहीत होत नाही, हे कसं? असं कोणी केलं? मी केलं का?

दीड वर्ष झालं आपण बोललो नाही. बाबा पडले, कंबरेले लागलं, तू नागपूरवरून गाडी घेऊन आलीस न म्हणालीस मी घेऊन जाते. मी म्हटलं बाबा इथंच राहतील. तेव्हा तू दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, "सांभाळून राहिलीस का कोंडून ठेवून राहिलीस त्यायले?" ते वाक्य माझ्या इथं आहे, छातीत. तुझा नंबर मी त्याच दिवशी काढून टाकला. बाबाच्या फोनमध्ये तू होतीस, मले माहीत होतं. तू ड्यूटीवर निघता निघता फोन करतेस, सकाळी सव्वासहाले. बाबा फोन घेऊन घरामागच्या सांदवाडीतल्या संडासात जातात, आतून कडी लावतात. मी चहा ठेवते, चहा आटते, पुन्हा पाणी टाकते. अर्धा तास. मले वाटे, माझीच कागाळी चालू असन. खुशबूनं असं केलं, खुशबू तसं बोलली. ते चाललं असतं मले. कागाळी आपल्याच माणसाची करतात.

काल बाबाचा फोन अटकून अटकून चालत होता. जागा भरली म्हणे. मी साफ करायले घेतला त आत रेकॉर्डिंगचा ढीग. फोन आपोआप भरून ठेवते, बाबाले पत्ताच नाही. दोनशे चौदा. सगळे तुझे. मी ट्युशनच्या पोरींले सुट्टी दिली, दार लावलं न ऐकत बसली.

"झाली का बाबा?"

"झाली म्हनजे, बकरीसारखी. चार लेंड्या."

"जोर लावला?"

"लावला न. डोळ्यात पानी आलं."

"जोर नाही लावायचा म्हटलं होतं न मी. पायाखाली पाट घेतला होता?"

"घेतला माय."

"पाणी किती पिलं काल? खरं सांगा. मी चेकिंगवाली आहे, बिना तिकिटाचं पकडीन."

न बाबा हासले. ताई, एकतीस वर्षं कंडक्टरी केलेला माणूस, ज्याले मी घरात हासताना आई गेल्यापासून पाहिलं नाही, तो संडासात बसून हासून राहिला होता. माझ्याशी बाबा काय बोलतात, माहीत आहे? भात झाला का. पंप चालू कर. लाईन गेली.

मी सहा महिन्याच्या बकरीच्या लेंड्या ऐकल्या. कोणत्या दिवशी तीन, कोणत्या दिवशी कायीच नाही, कोणत्या दिवशी रक्ताचा थेंब दिसला न बाबा घाबरले न तू म्हणालीस घाबरू नका, कडक आली की कातडी चिरते. रक्ताचा थेंब. माझ्या घरात. मी त्याच दिवशी वांग्याची भाजी केली होती, मले तारीख पाहून आठवलं. बाबानं दोनदा घेतली होती.

तू नर्स आहेस, मान्य. पण नर्स म्हणून सांगतात का तुले? मग गावात आशाताई आहे, तिले सांगितलं असतं.

चाळीस ऐकले. बाकीचे ऐकवले नाही, मिटवून टाकले. आता फोन हलका झाला.

उद्यापासून फोन करत जाऊ नको. तसाही बाबाचा फोन बिघडला आहे. बाबाले जे होईन ते मी पाहीन.

खुशबू


२० नोव्हेंबर, गुरुवार

तू शकुनबाईच्या घरी फोन केलास. त्या कुंपणावरून ओरडल्या, "ओ खुशबू, रत्ना विचारते बाबाचा फोन काहून लागत नाही वो?" मी म्हटलं, बिघडला. दुरुस्तीले टाकते. शकुनबाई म्हणाल्या, "मग तुह्या फोनवर काहून नाही करत ते?" मी म्हटलं, काकू, तुमचं दूध उतू चाललं.

दूध काही उतू चाललं नोहतं.

बरं, मी काही लपवत नाही, मी सरळ विचारलं बाबाले. मंगळवारी रात्री ताट वाढलं, भात, लाखोरीची डाळ, न सहज बोलावं तसं बोलली, "बाबा, पोट साफ होते न रोज?"

बाबाचा घास हातातच राहिला.

"होते न. काहून?"

"नाही, असंच. थंडी पडली म्हणून."

"मले काय झालं. वाढ अजून भात."

न अजून घेतला. पोट दुखत असन तरी घेतला. तुले सांगतात बकरी न मले सांगतात वाढ. तूच सांग मी कुठं डोकं आपटू.

तू एकदा त्यायले विचारलं होतंस, बाबा हे कधीपासून? तो कॉल मी तीनदा ऐकला. त्यात बाबा सांगतात, पवनीची सकाळची गाडी होती, पहाटे पाच वाजता निघायचं. सात वाजता पोटात कळ यायची. गाडीत साठ माणसं, कोणी दवाखान्याले चाललं, कोणी कचेरीले. "माह्या एकट्याच्या पोटासाठी साठ लोकाइले थांबवू का?" तिकिटाची पेटी पोटावर दाबून धरायचे न घंटी मारायचे. कळ निघून जायची. ड्यूटी असली की पाणीच कमी प्यायचं, म्हणजे उतरायची गरज नाही. मग म्हणतात, "सात-आठ सालं असं केलं. मग कळ यायचीच बंद झाली. मले बरं वाटलं, म्हटलं आता त्रास नाही." न तू म्हणालीस, बाबा, ती कळ म्हणजे पोटाची हाक होती. हाकेले ओ दिली नाही की मग ते हाक मारायचं सोडून देते.

मी त्या गाडीत बसली आहे ताई. शाळेत असताना, पुढच्या सीटवर. बाबा घंटी मारत, मले अभिमान वाटे. पेटी अशी पोटावर धरून उभे राहत, मले वाटे किती रुबाब आहे. तू गाडीत कधी बसली नाहीस, तुले ओकारी होई. न तुले माहीत. मले नाही.

बाबा अजूनही सव्वासहाले फोन घेऊन जातात. अर्ध्या तासानं येतात. मी विचारत नाही.

इसबगोल आणलं आहे. ते तुझ्याच तोंडून ऐकलं, पण द्यायचं मी. तू फोनवरून नुसतं सांगतेस, माझे हात इथं आहेत. बाबाले पाणी जात नाही, थंडीत त बिलकुल नाही. दही आवडते. मी वाटीभर दह्यात दोन मोठे चमचे घट्ट कालवून देते, सकाळी न रात्री. वर साखर. बाबा चाटून पुसून खातात. तुझ्यापेक्षा दुप्पट देऊन राहिली.

खुशबू


२९ नोव्हेंबर, शनिवार

झालं.

तुझ्यानं सहा महिन्यात झालं नाही ते माझ्यानं दहा दिवसात झालं. वाच नीट. बाबाचं पोट मोकळं झालं.

मधले सहा-सात दिवस त्यायचे जड गेले, मले दिसत होतं. जेवण कमी, चेहरा उतरला, पोटावर हात. मी इसबगोल वाढवलं. बुधवारी सकाळी पायजमा ओला. बाबाले समजलंच नाही केव्हा झालं. तेव्हापासून चालू आहे, दिवसाले पाच वेळा, सहा वेळा, कधी मोजता येत नाही. पाण्यासारखी पातळ. तुझ्या बकऱ्या गेल्या.

न मले आता लपवता येत नाही त्यायले. पहिल्या दिवशी पायजमा स्वतः धुवायले गेले सांदवाडीत, हौदावर, कंबर धरून. मी जाऊन हातातून ओढून घेतला. "द्या इकडं." "राहू दे माय, मी धुतो." "द्या म्हटलं न बाबा." दिला. मान वळवून उभे राहिले. मी दगडावर आपटून आपटून धुतला न मले काय वाटलं सांगू का? तुले राग येईन. मले वाटलं, आता आला हा माणूस माझ्या हातात. तुले फोनवर सगळं सांगत होते, पण फोनमधून वास येत नाही. वास माझ्याकडं आहे.

कालपासून जरा जास्तच होऊन राहिलं म्हणून मी थांबवायच्या गोळ्या चालू केल्या. मागच्या उन्हाळ्यात मले हगवण लागली होती तेव्हाची पट्टी कपाटात होती. काल दोन दिल्या. थोडं थांबलं न पुन्हा गळायले लागलं. आजपासून तीन देईन. सोबत पेज देते, मीठ टाकून. जेवत नाहीत म्हणा. दोन घोटात पुरे म्हणतात. पोट मात्र उतरत नाही, नगाऱ्यासारखं आहे, बोटानं वाजवलं त वाजते. गॅस असन. ओवा दिला. काल एक उलटी झाली.

कंबरेची गोळी चालूच आहे, डॉक्टरनं दिलेली, ती मी एक दिवस चुकू दिली नाही.

हे सगळं काहून लिहून राहिली, तुले वाटत असन. तुले माहीत व्हावं म्हणून. सहा महिने तू माझ्या बापाची वही ठेवलीस न मले पान दाखवलं नाहीस. आता वही माझ्याकडं आहे न मी तुले पान दाखवून राहिली. मागचं पत्र टाकायचं राहिलं होतं, तेही याच पाकिटात आहे. पाहा. माझं मन तुझ्यापेक्षा मोठं आहे.

खुशबू


भंडारा, दवाखाना
५ डिसेंबर, शुक्रवार

पत्र तुले मंगळवारी भेटलं, ते मले शकुनबाईच्या आवाजावरून समजलं.

दुपारचे दोन वाजले असतील. माझ्या एका हातात गोळी होती, एका हातात पाण्याचा गिलास. बाबा भिंतीकडं तोंड करून पडले होते. शकुनबाई पदर खोचून धावत आल्या, पायात चप्पल नाही.

"गोळी दिलीस का?"

"देऊन राहिली."

"देऊ नको. रत्नाचा फोन आहे. रडून राहिली ते. म्हणते एकही गोळी देऊ नका, दही नको, काहीच नको, आताच्या आता भंडाऱ्याले न्या. राजकुमार ऑटो काढून राहिला."

न मी काय म्हटलं असन? मी म्हटलं, "तिले काय माहीत काकू? तिनं पाहिलं का? धुऊन मी राहिली."

शकुनबाईनं माझ्या हातातली गोळी उचलली न आंगणात फेकली. कोंबडी धावली, तिले हाकललं. मग म्हणाल्या, "तिनं पाहिलं नाही तरी तिले समजलं. तू पाहून काय समजलीस वो?"

त्यापेक्षा मले कोणी थोबाडीत मारलं असतं त बरं झालं असतं.

रस्ताभर ऑटोत बाबाचं डोकं माझ्या मांडीवर. खड्डा आला की "आई" म्हणत. राजकुमार म्हणे, काका, पहेला गाव आलं, आता दहा मिनिटं. बाबा डोळे मिटून म्हणाले, "दहा नाही. सतरा." बरोबर सतरा लागले.

डॉक्टर बाई तरुण आहेत, माझ्याएवढ्या. पोटावर हात ठेवला, मग बोटानं आतून तपासलं, मग एक्स-रेचा फोटो काढायले लावला. मले फोटो दाखवला. तुले हे सगळं माहीत आहे, पण मी लिहीन, काहून का मले कोणी तरी समजावून सांगितलं हे तुले दिसलं पाहिजे. म्हणाल्या, शेवटच्या भागात मळ सुकून गोटा झाला आहे, मुठीएवढा, सिमेंटसारखा. वर्षानुवर्षं रोखून रोखून ती जागा ढिली पडली, भरली तरी त्यायले समजत नाही. वरून जे नवीन येते ते गोट्याच्या बाजूनं झिरपते. नळीत दगड अडकला की पाणी बाजूनं गळते तसं. "तुम्हाले वाटलं हगवण. ती हगवण नाही, ते बंदच आहे. न तुम्ही बंद करायची गोळी दिली."

मग विचारलं, इसबगोल कशात दिलं?

मी म्हटलं, दह्यात.

"वर पाणी?"

मी मान हलवली, नाही.

"ते पाणी पिऊन फुगते. वरून पाणी नाही मिळालं त आतलं ओढते न खळ होते. न इतक्या जुन्या रोखलेल्या पोटाले नुसता चोथा देऊन चालत नाही, आधी रस्ता मोकळा करावा लागते." कंबरेच्या गोळीचं नाव पाहिलं न तीही बदलली. तीही आतडं सुस्त करते म्हणे. जी मी एक दिवस चुकू दिली नाही. "अजून दोन दिवस थांबले असते त आतडं फाटलं असतं," असं म्हणाल्या. आवाज वाढवला नाही. वाढवला असता त मी भांडली असती.

तुझ्या चाळीस कॉलमध्ये ही पाण्याची गोष्ट नोहती ताई. एकेचाळीसाव्यात असन. तो मी मिटवला.

इथं चंद्रकांता नावाची सिस्टर आहे, पन्नाशीची, हाताले चांदीचं कडं. तिनं बाबाले कुशीवर केलं. मी बाबाचा हात धरला. बाबा म्हणाले, "तू बाहेर जा."

"मी थांबते बाबा."

"जाय म्हटलं न."

मी पडद्याच्या बाहेर उभी राहिली. पडदा म्हणजे काय, ऐकू सगळं येते. तेल, एनिमा, मग हातमोज्यानं. तुकडा तुकडा. बाबा कण्हत होते न सिस्टर म्हणे, "सोडा काका, रोखू नका, इथं कोणी गाडीची वाट पाहून राहिलं नाही." तिले कोणी सांगितलं गाडीचं? बाबानंच सांगितलं असन, अर्ध्या तासाच्या ओळखीत. थोड्या वेळानं बाबाचा आवाज आला, थकलेला, पण बाबाचा. "बाई, शेवटचा थांबा आला का?" न सिस्टर खळखळून हासली.

म्हणजे तीही. तुझ्यानंतर तीही. बाबा जगून राहिले होते न मी पडद्यापाशी उभी राहून एका परक्या बाईवर जळून राहिली होती. मले माझी लाज वाटली, पण जळणं थांबलं नाही. दोन्ही सोबत होते.

तीन दिवस असं चाललं. काल संध्याकाळी सगळं निघालं. पोट खाली बसलं. बाबा पाच तास झोपले.

आता जे सांगायचं ते सांगते. बाबाचा फोन बिघडला नोहता. अकरा तारखेले मी तुझा नंबर त्यात ब्लॉक केला, न तुझ्या नावापुढच्या नंबराचा शेवटचा आकडा बदलवला. चाराचा सात. तुझा फोन त्यायले येत नोहता, न ते लावत त बाई सांगे की हा नंबर अस्तित्वात नाही. एकवीस दिवस बाबा फोन घेऊन संडासात जात होते न त्या बाईचं ऐकून परत येत होते. मले चुलीपाशी ऐकू येत होतं.

तुले सांगून झालं. बाबाले सांगायचं राहिलं.

खुशबू


अड्याळ
८ डिसेंबर, सोमवार

हे पत्र पोस्टात टाकत नाही. तू आज येऊन राहिलीस, पंधरा दिवसाची सुट्टी काढून, शकुनबाईनं सांगितलं. त्या आता बाबापाशी बसल्या आहेत. पत्र मी ताटांच्या फळीवर ठेवते, तुले आल्याबरोबर तिथंच हात लावावा लागन.

परवा सहा डिसेंबर होता. बाबा दरवर्षी पांढरे कपडे घालून विहारात जातात, यंदा दवाखान्याच्या खाटेवर बसून वंदना घेतली, ओठातल्या ओठात. ती झाल्यावर मी सांगितलं. सरळ सांगितलं, आकडा बदलवला, ब्लॉक केला, रेकॉर्डिंग ऐकले, मिटवले. बाबा सलाईनच्या नळीकडं पाहत म्हणाले,

"मले वाटलं तिले कंटाळा आला. रोज उठून बापाच्या संडासाची बातमी कोन ऐकन."

"मी ऐकली असती बाबा. मले काहून नाही सांगितलं?"

"तुले कसं सांगाव?"

"काहून? मी काय परकी आहे का?"

"तू ताट वाढतेस."

"त काय झालं?"

बाबानं माझ्याकडं पाहिलं. त्यायच्या डोळ्यात राग नोहता, रागाची मी तयारी केली होती. "जे पोरगी ताट वाढते तिले कसं सांगाव का पोट भरलं हाय, जागा नाही? दोन घास ठेवले त तू दिवसभर भांडे आपटतेस. पोट फुगलं म्हटलं असतं त तू म्हटली असती, माह्या हातचं बाधलं. मंग तू जेवली नसतीस. म्हनून खाल्लं. रत्ना ताट वाढत नाही. तिले सांगता येते."

ताई, मी इतकी वर्षं शोधून राहिली होती की तुझ्यात असं काय आहे. तू हुशार, तू नर्स, तू पहिली. काहीच नाही. तू फक्त इथं नोहतीस. एवढाच तुझा गुण. मी दोन वेळा भात लावत गेली न ताटासोबत बाबाचं तोंड बंद करत गेली.

हे ऐकून शहाणी बाई असती त म्हटली असती, आता मी भांडे आपटणार नाही. मीही म्हटलं तसं, रविवारी दुपारी. घरी आलो, मऊ भात केला, पालक केला. बाबानं अर्धा खाल्ला न ताट सरकवलं न माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी हासली. बाबानं माझं हासणं पाहिलं, ताट पुन्हा ओढलं न उरलेलं खाल्लं.

म्हणजे माझं हासणंही त्यायले वाचता येते. म्हणून मी जाऊन राहिली.

लाखनीले मुलींच्या होस्टेलमध्ये अधीक्षिकेची जागा आहे. तिथल्या आनंदाबाई मॅडम मले दिवाळीपासून विचारून राहिल्या होत्या, मी बाबाचं कारण सांगून टाळत होती. काल हो म्हटलं. तू रजा वाढवशील, बदली मागशील, बाबाले नागपूरले नेशील, ते तू न बाबा ठरवा. दीड वर्षापूर्वी मी दारात आडवी झाली होती, आता होत नाही.

काम समजून घे. सकाळी उठल्याबरोबर कोमट पाणी, दोन गिलास, तू समोर बसून. मग चहा. चहानंतर वीस मिनिटांनी संडास, कळ येवो न येवो, दहा मिनिटं, पायाखाली पाट, जोर नाही. डॉक्टर बाई म्हणाल्या, पोटाले रोज एकाच वेळी बोलवत राहा, काही महिन्यानं त्याले सवय लागन. पातळ औषध रात्री, बाटलीवर खूण केली आहे. इसबगोल सध्या नाही. तीन दिवस झाली नाही त दवाखाना, वाट पाहायची नाही. न कधी पुन्हा पाण्यासारखं गळायले लागलं त, तुले काय सांगू, तुले माहीत आहे.

न दोन वेळा ताट वाढायचं. हे डॉक्टरच्या कागदावर नाही. पाहा काय होते ते. पहिल्या दिवशी बाबा तुले सगळं सांगतील, तू नवी आहेस. दुसऱ्या दिवशी तू पालकाची भाजी करशील, घाम गाळून, न बाबा दोन घास सोडतील. तुझं तोंड उतरन. तू नर्स असलीस तरी उतरन. मग चौथ्या-पाचव्या दिवशी तू विचारशील, झाली का बाबा, न बाबा म्हणतील, झाली न, वाढ अजून. तेव्हा समज की आता घरात राहणारी तू आहेस.

बाबाच्या फोनमधून तुझा ब्लॉक काढला, आकडा नीट केला. माझं नाव सगळ्यात वर टाकलं. होस्टेलच्या पोरी पाचले उठतात, प्रार्थना सहाले संपते. त्यानंतर मी मोकळी असते. बाबाले तेवढंच सांगितलं. फोन करा असं म्हटलं नाही.

तू म्हणशील, पोरगी सुधारली नाही. नाहीच सुधारली. मी तुझ्या जागेवर बसायले चालली आहे, तुले माझ्या जागेवर बसवून. कोणाले काय भेटते पाहू.

बाबाले निघते म्हटलं तेव्हा त्यायनं विचारलं, "गाडी कोनती?" मी म्हटलं भंडाऱ्यावरून. म्हणाले, "भंडाऱ्याच्या पुढं उजव्या बाजूले बसू नको. लाखनीपावतर ऊन लागते." मी हो म्हटलं. अजून काही म्हणतील म्हणून थोडी थांबली. त्यायनं डोळे मिटून घेतले.

राजकुमार बाहेर आवाज देऊन राहिला. नागपूरची गाडी फाट्यावर आली म्हणे, त्यातून एक बाई बॅग घेऊन उतरली, तूच असशील. पाच मिनिटात दारात येशील. तू मोठ्या रस्त्यानं ये, मी विहाराच्या मागून निघाली.

भात झाकून ठेवला आहे. गरम आहे तोवर वाढ.